पाचव्या कप्प्यातला नळ

भाद्रपद लागला की माझ्या नाकाला खळीचा वास येतो. खरं तर आता खळ शिजवतंय कोण? दादरला माझ्या घराखाली मांडव पडतो तेव्हा ट्रकमधून अख्खाच्या अख्खा महाल उतरतो आणि चार माणसं तो दुपारभरात जोडून मोकळी होतात. तरी त्या दिवसांत कधीतरी, भाजी निवडताना म्हणा, पेपर वाचताना म्हणा, मैद्याची गरम खळ, तिला कीड लागू नये म्हणून घातलेलं चिमूटभर मोरचूद, ओलं गोणपाटाचं किंतान आणि नुकताच चिरलेला बांबू असा सगळा मिळून एक वास येतो. मग मी एकोणीस वर्षांची होते आणि लालबागच्या आमच्या चाळीच्या चौकात मांडी घालून ब्रश धूत बसते.

यंदा त्या वासाला सईने कारण दिलं. सई ही माझ्या वहिनीची नात, डिझाइनच्या कॉलेजात शिकते. त्यांना म्हणे एक काम दिलंय, पन्नास वर्षांनंतरच्या मुंबईची गोष्ट तयार करायची. चित्रं काढा, मॉडेल करा, फिल्म करा, पण गोष्ट हवी. लॅपटॉप माझ्या पोळपाटाशेजारी ठेवून तिने मला तिची गोष्ट दाखवली. आधी तुंबलेले रस्ते, मग मोठं संकट, मग एक हुशार मुलगी, तिची युक्ती, आणि शेवटी हिरवीगार मुंबई. गच्चीगच्चीवर भाज्या, समुद्र निळाशार, आणि मागचं संगीत चढत चढत पार वर गेलेलं. कशी वाटली म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, छान आहे, आता मस्त झोप येईल.

पोरगी फुरंगटली. मी चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, तोंडावर सांगायची खोड जाता जात नाही. तिने मग मलाच धडा दिला. गोष्टीला म्हणे आकार लागतो. त्यांच्या सरांनी फळ्यावर एक टेकडी काढून दाखवली होती, पायथ्याला आजचा त्रास, मग चढ, आणि माथ्यावर भविष्य. माणूस माथ्यावर पोचला की त्याला भविष्य हवंसं वाटतं. ती टेकडी माझ्या चांगली ओळखीची होती. मी ती एकदा बांबू आणि किंताना‌ची उभी केली होती आणि सगळ्या लालबाग-परळला तिच्यावरून चालवलं होतं. मग कुणीतरी ती उलटी केली. कुणी, ते मला परवा-परवापर्यंत ठाऊक नव्हतं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. द्विभाषिक राज्य डोक्यावर बसलं होतं, गोळीबारात गेलेल्यांविषयी बोलताना माणसांचा आवाज आपोआप खाली यायचा, आणि भिंतीभिंतीवर गेरूने मोठी अक्षरं लिहिलेली असायची. पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते लोकांचं बोलणं. पिठाच्या गिरणीत, न्हाव्याकडे, भोंगा झाल्यावर गेटातून बाहेर पडणाऱ्या घोळक्यात, प्रत्येक वाक्याची सुरुवात एकच. राज्य झालं की. राज्य झालं की कोर्टात मराठी. राज्य झालं की पोरांना नोकऱ्या. आमच्या शेजारच्या काकू तर राज्य झालं की ढेकूण जातील असंही म्हणायच्या, आणि त्या थट्टा करत होत्या की नव्हत्या हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

आज विचार करते तेव्हा मी थक्क होते. दहा बाय बाराच्या खोल्यांतून राहणारी ही माणसं. पाय पसरायला जागा नाही, रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच वळकटीवर आडवा होणार, आणि डोळ्यांसमोर काय, तर अख्खं राज्य! डोंगर, नद्या, बंदरं, विद्यापीठं. एवढं मोठं चित्र एवढ्याशा खोलीत मावत कसं होतं, याचं मला नवल वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. तेव्हा मीही त्यातलीच होते.

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. माझा दादा मिलमध्ये फिटर. आई कोकणात शेताकडे, म्हणून घर वहिनीच्या हातात. मी चित्रकलेच्या शाळेत जाणारी, आणि गावचे दोन चुलतभाऊ गॅलरीत झोपणारे. पाण्याचा नळ मात्र एकच, खाली चौकात, जिन्याच्या पायथ्याशी. आम्ही त्याला नळकोंडाळं म्हणायचो. पहाटे दीड तास आणि संध्याकाळी अर्धा तास पाणी. नळकोंडाळ्यापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत चौपन्न पायऱ्या, त्यातल्या मधल्या सात झिजून खोलगट झालेल्या. पुरुषांनी पाणी भरायचं नाही असा काही कायदा नव्हता. पण चाळीत कुणी पुरुष भरत नव्हता, एवढं खरं.

आदल्या वर्षी त्या खोलगट पायऱ्यांवर वहिनी घसरली होती. कडेवर हंडा आणि पोटात सातवा महिना. हंडा घरंगळत पार खाली चौकापर्यंत गेला, तो आवाज ऐकून मी धावले. मूल वाचलं नाही. मुलगा होता. वहिनी चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, पाचव्या दिवशी उठली, हंडा चिंचेने घासला आणि खाली गेली.

मी ज्या भाद्रपदाबद्दल सांगतेय, त्या भाद्रपदात तिला पुन्हा सातवा लागला होता. सुईणीने बजावलं होतं, जड उचलायचं नाही. पण सुईण बजावून आपल्या घरी गेली. दादाची रात्रपाळी. मी दोन कळश्या आणायचे आणि शाळेला पळायचे, आणि त्या दोन कळश्यांचा मला फार अभिमान होता. उरलेले पाच-सहा हंडे कोण आणतं याचा मी विचारच करत नव्हते. आज लिहिताना लाज वाटते, पण तसं होतं खरं.

चाळीच्या गणपती मंडळाचे प्रमुख भिकूकाका. विणखात्यात आयुष्य गेलेलं, मागांच्या खडखडाटाने कान बधिर झालेले, त्यामुळे साधी चौकशीसुद्धा ते चौकाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल अशी करायचे. त्यांनी त्या वर्षी ठरवलं, देव-दानवांचा देखावा नको, होणारा महाराष्ट्र दाखवायचा. आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, ही पोर चित्रकलेच्या शाळेत जाते ना, मग हिला करू दे. एका मुलीच्या हातात देखावा! चाळीत चार दिवस दुसरा विषय नव्हता. मी तर जमिनीवर चालतच नव्हते.

मी आधी घरोघर विचारत फिरले, राज्य झालं की तुम्हाला काय बघायचंय? पुरुषांनी भाषणं दिली. राजधानी, न्याय, कारखाने. बायका आधी लाजल्या, मग हळूच सांगायला लागल्या. एकीला वाळत घालायला ऊन हवं होतं. एकीला संडासाच्या दाराला आतून कडी. वहिनी तांदूळ निवडत होती. मी विचारलं तर मान वर न करता म्हणाली, "घरात नळ." मी हसले. म्हटलं, अगं वहिनी, राज्य मागतोय आपण, आणि तू नळ मागतेस? खडा सापडला तो तिने बाजूला टाकला.

देखाव्याची रचना माझी. गणपती चौकाच्या मधोमध, आणि एका भिंतीला लागून किंतानाची लांब बोळ, तिच्यात पाच कप्पे. प्रत्येक कप्प्यापुढे आडवा पडदा, म्हणजे एका वेळी एकच दिसेल. पहिला कप्पा जिन्याच्या बाजूला, नळकोंडाळ्याजवळ, आणि पाचवा रस्त्याच्या गेटापाशी. पहिल्यात आजचा दिवस, म्हणजे आमचाच अंधारा जिना आणि हंडा घेऊन तो चढणारी बाई. दुसऱ्यात मशालींचा मोर्चा. तिसऱ्यात दिव्यांनी लखलखणारा राज्याचा नकाशा. चौथ्यात मोठ्या खिडक्यांची, धुराशिवायची मिल. आणि पाचव्यात होणाऱ्या महाराष्ट्रातलं कामगाराचं घर. खिडकी, पुस्तकांची फळी, विजेचा दिवा. लोक गेटातून यायचे, मग काथ्याच्या दोरीच्या कडेकडेने चौक ओलांडून जिन्यापाशी जायचे आणि तिथून बोळीत शिरायचे. अंधारातून निघून उजेडात बाहेर पडायचे. सईच्या सरांची टेकडीच की ती!

पहिल्या कप्प्यातली बाई मी शाडूची केली, आतून गवत आणि तारा. तोंड काही जमेना. तीनदा केलं, तीनदा मोडलं, शेवटी तिला पाठमोरी उभी केली. वहिनीचं जुनं हिरवं लुगडं तिला नेसवलं, मिलच्या सुती जोडीतलं एक, काठ विटका पिवळा. मोर्चातल्या माणसांची तोंडं मात्र मी पुठ्ठ्यावर जीव ओतून रंगवली. सगळी गेटाकडे, म्हणजे भविष्याकडे चाललेली. बघणारा त्यांच्या बरोबरीने चालेल असा माझा हिशोब. आणि पाचव्या कप्प्यात वहिनीचा नळ मी घातला, पण तो दादामुळे. त्याने मिलमधून आणलेली नळी मागे टांगलेल्या पत्र्याच्या डब्याला जोडली आणि खरं पाणी पडेल अशी करामत केली. खाली बादली, बादलीतलं पाणी पोरं पुन्हा डब्यात ओतायची. मला ती गंमत वाटली म्हणून ठेवली.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी वहिनी बघायला आली. पाचव्या कप्प्यापुढे बराच वेळ उभी राहिली. नळाखाली हात धरला, पाणी हातावरून जाऊ दिलं. मग वळून मला म्हणाली,

"बरा केलंस गो. पण हयसर कोण रवतला?"

म्हणजे इथे राहणार कोण. खोलीत मी माणूस ठेवलंच नव्हतं. मी म्हटलं, शाडू संपला, वहिनी. ते खरं होतं. पण शाडू असता तरी मला सुचलं असतं की नाही, देव जाणे. तिने पुढे विचारलं, लोक शेवटी हे बघतात आणि मग? मी म्हटलं, मग काय, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. ती बरं म्हणाली आणि वर गेली. मधल्या पायऱ्यांवर दोनदा थांबली.

पहिले चार दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे. मी गेटापाशी उभी राहून टाळ्या ऐकायचे. दिव्याचा उजेड आणि पाण्याची धार बघून लोक हरखायचे. म्हातारी माणसं हात जोडायची. कुणी घोषणा द्यायचं आणि सगळी रांग तिला साथ द्यायची, चौक दणाणून जायचा. माणसं उजळलेल्या चेहऱ्याने बाहेर पडायची आणि थेट नाक्यावरच्या भजीच्या गाडीवर जायची. मला त्यात वावगं काही दिसत नव्हतं. पोट भरून घरी पाठवायचं, याहून जास्त देखाव्याने काय करायचं असतं?

पाचव्या दिवशी आमच्या चित्रकलेच्या शाळेतले सर देखावा बघायला येणार होते. पांढराशुभ्र शर्ट घालणारे, मोजकं बोलणारे. त्यांच्या एका शब्दासाठी मी पंधरा दिवस झोपले नव्हते. ते सहाच्या सुमारास आले. भिकूकाकांनी त्यांना मांडवामागे चहाला बसवलं, कार्यकर्ते भोवती गोळा झाले, दादाही तिथेच. आम्ही बाहेर आलो तर रांग उलटी वाहत होती.

दोरी फिरली होती. गेटाजवळचं तिचं टोक कुणीतरी सोडून दुसऱ्या वाशाला बांधलं होतं, आणि लोक गेटातून आत आले की सरळ बोळीत, सरळ पाचव्या कप्प्यात शिरत होते. गर्दीला दोरी दिसली की ती तिच्या कडेने जाते, कुणी बांधली ते विचारत नाही. भिकूकाका ओरडले. पण बोळ भरलेली, मागून रेटा, ती माणसं माघारी फिरवणार कशी? सर शांतपणे रांगेत उभे राहिले आणि आत गेले. मला वाटलं, गोष्टीचं वाटोळं झालं. आधीच शेवट सांगितला, आता पुढे बघायचं काय?

मी त्यांच्या मागोमाग शिरले. आणि माझाच देखावा मी पहिल्यांदा पाहिला.

पहिल्यांदा ती खोली दिसली. नळ वाहतोय. लोक हसले, एकमेकांना कोपराने ढोसून दाखवायला लागले, कुणाचं गं हे घर? मग खिडक्यांची मिल. मग नकाशा. इथवर बडबड चालू होती. मोर्चापाशी आवाज कमी झाला. माझी मशालवाली माणसं आता लोकांच्या बरोबरीने चालत नव्हती, समोरून येत होती. तीच तोंडं, तेच रंग, पण आता ती सरळ आपल्या डोळ्यांत बघत होती, आणि ज्या खोलीतून आपण नुकतेच आलो तिकडेच निघाली होती. माझ्या पुढची एक बाई चक्क बाजूला सरकली, त्यांना वाट दिल्यासारखी. हे मी काढलं होतं? मी असं काहीच काढलं नव्हतं.

मग जिना. अंधार, हिरवं लुगडं, हंडा, पाठ. मघाशी पाहिलेला तो नळ सगळ्यांच्या डोळ्यांत अजून वाहत असणार. हे चित्र आधी बघितलं असतं तर लोक रोजचंच म्हणून पुढे सरकले असते. नळ बघून आल्यावर ते रोजचं राहिलं नव्हतं.

आणि पडदा बाजूला करून आम्ही बाहेर आलो, तर समोर खरा जिना. संध्याकाळच्या पाण्याची वेळ. नळकोंडाळ्यावरून एक बाई हंडा कडेवर घेऊन उठत होती. आमच्याकडे पाठ, हिरवं लुगडं, विटका पिवळा काठ. माझ्या शाडूच्या बाईच्या जोडीतलं दुसरं. वहिनी. तिने एक हात कठड्यावर ठेवला, पहिली पायरी चढली, दुसरी चढली. पोटाचा भार सावरायला थांबली.

रांग जागच्या जागी उभी राहिली. मागून रेटणारेही थांबले. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण मला गणपतीपुढच्या समईची वात फुरफुरलेली ऐकू आली. मग रांगेतला एक उंच माणूस पुढे गेला. टोपी, खांद्यावर कापसाचे तंतू, कुठल्या तरी मिलमधून सुटून थेट आलेला. आमच्या चाळीतला नव्हता, कुणाच्या ओळखीचाही नव्हता. त्याने वहिनीच्या हातून हंडा काढून घेतला.

"बाई, कितवा मजला?"

"तिसरो," वहिनी म्हणाली.

तो हंडा घेऊन वर जाणार, तेवढ्यात त्याच्या पुढच्या पायरीवर दुसरा माणूस येऊन उभा राहिला आणि त्याने हात पुढे केले. त्याच्या वर तिसरा. बघता बघता जिना माणसांनी भरला, एका पायरीआड एक, पार तिसऱ्या मजल्यापर्यंत. हंडे, कळश्या, बादल्या, डबे, जे ज्याच्या घरातून आलं ते, हातोहात वर जायला लागलं आणि रिकामं हातोहात खाली यायला लागलं. पुरुष पाणी भरत होते! भिकूकाका पहिल्या मजल्याच्या वळणावर उभे राहून सांडू नका, सांडू नका म्हणून ओरडत होते आणि स्वतःच सांडत होते. सर मधल्या खोलगट पायऱ्यांवर उभे होते, पांढरा शर्ट छातीपर्यंत भिजलेला. अर्ध्या तासात सगळ्या खोल्यांत संध्याकाळचं पाणी पोचलं. आरतीला उशीर झाला, पण गणपतीने काही मनावर घेतलं नसावं.

मी खाली नळाशी उभी होते आणि रडत होते. कशासाठी ते तेव्हा कळत नव्हतं. आज सांगते, मला माणसांची भीती वाटली, चांगल्या अर्थाने. एवढं बळ यांच्यात रोज असतं आणि ते आपल्यापासून दोन हातांच्या अंतरावर लपून बसलेलं असतं!

जाताना सर एवढंच म्हणाले, की आता दोरीला हात लावू नका. दोरी पहिल्यासारखी केली नाही कुणी. उरलेले दिवस रांग तशीच उलटी चालली. टाळ्या बंद झाल्या, त्याची मला दोन दिवस रुखरुख लागली. दोरी कुणी फिरवली याची चौकशी मात्र खूप झाली. भिकूकाकांनी शेजारच्या मंडळावर संशय घेतला, दादाने पोरांना दम भरला, कुणी कबूल झालं नाही. शेवटी गणपतीवर सोपवून विषय मिटला.

पाण्याची साखळी विसर्जनानंतरही मोडली नाही. पहाटेच्या पाण्याला प्रत्येक मजल्यावरचे पाच-सहा पुरुष उठायला लागले, डोळे चोळत, एकमेकांवर चिडत, पण यायचे. वहिनीने त्यानंतर हंडा उचलला नाही. दिवाळीनंतर ती बाळंत झाली. मुलगी. सुलभा नाव मी ठेवलं; हीच सईची आई. राज्य झालं, त्याची रोषणाई सुलभाने दादाच्या खांद्यावर बसून पाहिली. चाळीत प्रत्येक मजल्यावर नळ आला तो त्यानंतर दोन पावसाळ्यांनी, आणि तोही त्या जिन्यावर उभे राहिलेल्यांनी मालकाच्या दारात जाऊन बसायचा सपाटा लावला म्हणून. ढेकूण मात्र गेले नाहीत.

मी पुढे शाळेत मुलांना सांगत राहिले, की भविष्याचं चित्र काढलंत तर ते शेवटी ठेवू नका, आधी ठेवा आणि मग आपल्या दारापर्यंत चालत या. मुलं बिचारी मान डोलवायची. ही अक्कल मला अपघाताने आली असं मी धरून चालले होते, आणि सईलाही तसंच सांगितलं. ती म्हणाली, लीलाआजी, चल, हे सगळं माझ्या आजीच्या तोंडून रेकॉर्ड करूया. म्हणून गेल्या रविवारी आम्ही अँटॉप हिलला गेलो. सुलभाला नोकरीत असताना मिळालेली सरकारी जागा सुटली, तेव्हा तिने तिथेच जवळ घर घेतलं. वहिनी तिच्याकडे असते. आता गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत, जीभ त्याहून शाबूत.

सईने मोबाइल समोर धरला आणि विचारलं, आजी, त्या दिवशी दोरी फिरली तेव्हा तू कुठे होतीस? वहिनी सुपारी कातरत होती.

"दोरी? ती मीच फिरवलंय."

वहिनीने कातरणं थांबवलं नाही. सांगत गेली ते असं. चार दिवस ती वर गॅलरीतून बघत होती. माणसं जिन्यापाशी तोंड पाडून शिरतात, गेटापाशी हसत बाहेर पडतात आणि भजी खायला जातात. मागे वळून नळाकडे बघायचं कुणाला कारणच उरत नाही. पाचव्या दिवशी सगळे सरांच्या चहात गुंतलेले बघितले, तशी ट्रंकेतून जोडीतलं दुसरं लुगडं काढून नेसली, खाली आली, दोरी सोडली, बांधली, आणि नळावर जाऊन बसली. पहिला घोळका पडद्यातून बाहेर येईपर्यंत बसून राहिली. मी म्हटलं, अगं, पण पुन्हा घसरली असतीस तर?

"हंडो अर्धोच भरललंय मी. येडी नाय हा." मग जरा थांबून म्हणाली, "पोर पोटात लाथा मारी होता. ह्या खेपेक माका ता घालवूचा नव्हता."

इतकी वर्षं बोलली का नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, तू आधीच रडत होतीस, तुझं चित्र मोडलं म्हणून. पुढे तूच ते शाळेत शिकवायला लागलीस, मग राहू दे म्हटलं. सईने मोबाइल खाली ठेवला होता. तिने हळूच विचारलं, आजी, पण हे असं उलटं करायचं तुला शिकवलं कुणी?

"शिकवूक कित्याक होया? जिनो मी चढत होतंय."

मी चाळीस वर्षं फळ्यावर जे मिरवलं ते या बाईचं होतं, आणि तिला ते परत मागावंसंही वाटलं नव्हतं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण गुडघे माझेही गेलेत.

आत पाण्याचा आवाज येत होता. सुलभा ओट्याशी उभी राहून नळाखाली तांदूळ धूत होती, आमच्याकडे पाठ करून. तिच्या डोक्यावर विजेचा दिवा, शेजारी खिडकी, आणि खिडकीशेजारी सईच्या पुस्तकांची फळी. आमचं बोलणं तिला ऐकू गेलं नव्हतं. वहिनीने माझ्या दंडाला हात लावला आणि अडकित्त्याने आत दाखवलं.

"तेव्हा इचारलंय ना मी तुका, हयसर कोण रवतला म्हणून? बघ. ही रवता."